दहा हजार पावलांचा बागुलबुवा

गेल्या सात-आठ वर्षांत माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ रुग्णांच्या पिशवीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. पूर्वी जुन्या चिठ्ठ्या, रक्ततपासणीचे कागद आणि गोळ्यांच्या अर्धवट संपलेल्या पट्ट्या टेबलावर मांडल्या जात. आता त्यांच्या जोडीला मोबाईलही पुढे येतो. "डॉक्टर, हे बघा," म्हणून पडद्यावरचा पावलांचा आकडा दाखविला जातो. दाखविणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आकडा किती असेल याचा अंदाज मला बहुधा आधीच आलेला असतो. काही चेहरे प्रगतिपुस्तक दाखविणाऱ्या शाळकरी मुलासारखे फुललेले असतात. पण बरेचसे ओशाळलेले असतात. "आज तीन हजारच झाली हो," हे वाक्य दोन्ही गुडघे झिजलेली बहात्तर वर्षांची बाई अपराधी स्वरात उच्चारते, तेव्हा तिच्या गुडघ्यांच्या आधी त्या आकड्याचीच चिकित्सा करावी असे मला वाटते.

पावले मोजणारी अ‍ॅप्स ज्येष्ठांना उपयोगी आहेत, असे माझे मत आहे. बहुतेक स्मार्टफोनमध्ये ही सोय आधीपासून असते किंवा विनामूल्य मिळते. सॅमसंग हेल्थ, आयफोनमधील हेल्थ, गुगल फिट यांपैकी कोणतेही एक पुरते. अडचण एवढीच की ही अ‍ॅप्स बनविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो ग्राहक असतो तो सहसा तिशी-चाळिशीतला असतो. तयार सदरा विकत आणला तर बाही कमी करून घ्यावी लागते, तसेच हे अ‍ॅपही वयाला, आजाराला आणि राहणीला बेतून घ्यावे लागते. ते काम घरातील कोणीतरी, किंवा स्वतः वापरणाऱ्याने, सुरुवातीच्या आठवड्यात करायला हवे. ते राहून जाते आणि मग पडद्यावर रोज सायंकाळी एक अपयश उमटत राहते. महिनाभराने ते अ‍ॅप कोणी उघडतही नाही, आणि त्याबरोबर चालणेही सुटते. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची.

दहा हजार आले कोठून?

१९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक सामने झाले आणि जपानमध्ये व्यायामाचे वारे वाहू लागले. १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचे, पावले मोजणारे एक यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव होते 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल होता, उच्चाराला सोपा होता, लक्षात राहणारा होता. त्यामागे ज्येष्ठांवर केलेला कोणताही वैद्यकीय अभ्यास नव्हता. मालाचे ते नाव पुढे साऱ्या जगाचे ध्येय होऊन बसले आणि आज नाशिकच्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरणारे निवृत्त गृहस्थही तोच आकडा प्रमाण मानून धापा टाकताना दिसतात.

अभ्यास झाले ते बरेच नंतर. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १६,७४१ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते, म्हणून आपल्या दृष्टीने ती विशेष महत्त्वाची. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या गटाशी तुलना करता सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या गटात पुढील चार-पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. सुमारे ७,५०० पावलांपर्यंत फायदा वाढत गेला. त्यापुढे चालल्याने तो फारसा वाढला नाही. २०२२ साली निरनिराळ्या देशांतील पंधरा अभ्यासांचा एकत्र विचार झाला, त्यातही साठीपुढील व्यक्तींच्या बाबतीत ही मर्यादा ६,००० ते ८,००० पावलांच्या दरम्यान निघाली.

अशा पाहण्यांतून 'चालल्यामुळेच आयुष्य वाढले' असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण ज्याची प्रकृती मुळात बरी असते तोच जास्त चालतो, ही शक्यता उरतेच. तरीही एक गोष्ट मी रुग्णांना आवर्जून दाखवितो. सर्वांत ठळक फरक पडला तो अगदी खालच्या पायरीवर, २,७०० आणि ४,४०० यांच्यामध्ये. हे अंतर १,७०० पावलांचे आहे. म्हणजे ज्येष्ठांच्या चालीने वीस-पंचवीस मिनिटे. तीही सलग नकोत. सकाळी दूध आणायला जाताना दहा, सायंकाळी देवळापर्यंत दहा. नऊ हजारांवरून दहा हजारांवर जाण्यासाठी जो जिवाचा आटापिटा करतो त्याच्यापेक्षा, दीड हजारांवरून अडीच हजारांवर जाणाऱ्याने स्वतःसाठी अधिक मिळविलेले असते.

आधी आपला आकडा शोधा

अ‍ॅप सुरू केल्यावर पहिला आठवडा चालण्यात काहीही बदल करू नये. फोन जवळ बाळगावा, रोजचे व्यवहार नेहमीप्रमाणे करावेत आणि रात्री आकडा टिपून ठेवावा. सात दिवसांची सरासरी हा आपला मूळ आकडा. तो बाराशे असो की पाच हजार, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रक्तदाब मोजताना आपण लाजत नाही, तसेच हे.

पण हा मूळ आकडा खरा येण्यासाठी फोन अंगावर असावा लागतो, आणि येथेच स्त्रियांवर मोठा अन्याय होतो. सदऱ्याला खिसा असतो, साडीला नसतो. पहाटे उठून पाणी भरणारी, केर काढणारी, तुळशीला पाणी घालून भाजीबाजारात जाऊन येणारी गृहिणी दिवसभर घरात वावरत असते. तिचा फोन मात्र फ्रिजवर चार्जिंगला लावलेला असतो. रात्री अ‍ॅप सांगते, आठशे पावले. सोफ्यावर बसून वर्तमानपत्र वाचणारे यजमान खिशातल्या फोनच्या जोरावर तिच्या पुढे असतात. आमच्या आज्या पानसुपारीचा बटवा कमरेला खोचत, तसा लहानसा कापडी बटवा शिवून त्यात फोन ठेवावा, असे मी सुचवितो. दोघीतिघींनी तो शिवला आणि आकडे चौपट झाले. त्यांची चाल वाढली नव्हती. इतके दिवस ती मोजलीच जात नव्हती.

फोन पावले मोजतो कसा, हेही थोडे समजून घ्यावे. त्याच्या आत हालचालीच्या वेगातील बदल टिपणारा एक सूक्ष्म संवेदक असतो. पाऊल टेकताना शरीराला बारीक हिसका बसतो. असे हिसके ठरावीक लयीत येऊ लागले की अ‍ॅप त्याला चालणे समजते. जो माणूस अगदी सावकाश, पाय घासत चालतो, काठी किंवा वॉकर वापरतो, किंवा ज्याला कंपवात आहे, त्याचे हिसके मंद व अनियमित असतात. अशांची बरीच पावले नोंदलीच जात नाहीत. मनगटी पट्ट्याची तऱ्हा उलटी. तो हाताची हालचाल मोजतो, त्यामुळे पोळ्या लाटताना किंवा भजनात टाळ वाजवितानाही काही पावले जमा होऊ शकतात. (भजन प्रकृतीला चांगलेच, पण ते चालण्यात धरता येत नाही.) खात्री करून घ्यायची असेल तर मनात मोजत शंभर पावले चालावे आणि आकडा किती पुढे सरकला ते पाहावे. नव्वद ते एकशे दहा आला तर ठीक. साठ आला तर त्या व्यक्तीने पावले सोडून द्यावीत आणि मिनिटे मोजावीत.

यातून एक निष्कर्ष आपोआप निघतो. शेजारच्या काकांच्या फोनमधील सहा हजार आणि आपल्या फोनमधील चार हजार यांची तुलना निरर्थक आहे. तोच फोन, त्याच जागी ठेवलेला, तोच माणूस, आणि मागील महिना व हा महिना. एवढीच तुलना खरी.

मूळ आकडा कळला की त्यात पाचशे मिळवावेत. अ‍ॅपमध्ये आधीच भरलेले दहा हजारांचे लक्ष्य काढून तेथे हा नवा आकडा घालावा. ही सोय अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये असते, पण बहुतेकांना ती ठाऊक नसते. नातवंडांकडून दोन मिनिटांत करून घ्यावी. दोन आठवडे ते लक्ष्य बहुतेक दिवशी सहज जमले, तर पुढचे पाचशे. जमले नाही तर तेथेच थांबावे, त्याची घाई नाही. लक्ष्य मात्र असावे. २००७ साली पावलांच्या मापकांविषयीच्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. मापक वापरणारे लोक दिवसाला सुमारे दोन हजारांहून अधिक पावले जास्त चालू लागले असे त्यात दिसले. परंतु ज्या अभ्यासांत कोणतेही लक्ष्य दिलेले नव्हते, त्यांत म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. केवळ मोजून माणूस चालत नाही. उद्या कोठवर पोहोचायचे, हे त्याला माहीत असावे लागते.

नाडीचा आकडा आणि औषधे

काही अ‍ॅप्स आणि घड्याळे नाडीचे ठोके दाखवून 'अजून वेग वाढवा' असे सुचवितात. त्यामागे बहुधा २२० वजा वय हे जुने गणित असते. सत्तर वर्षांच्या माणसासाठी ते १५० येते. परंतु रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी जे मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा गोळ्या घेतात, त्यांची नाडी औषधामुळेच संथ राहते. कितीही झपाझप चालले तरी ती अ‍ॅपच्या अपेक्षेपर्यंत पोहोचणार नाही, आणि ती पोहोचावी म्हणून धावणे धोक्याचे. अशा मंडळींनी नाडीचा आकडा बाजूला ठेवून बोलण्याची कसोटी वापरावी. चालताना शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये. एवढा वेग पुरेसा. बोलणेही तुटू लागले तर वेग कमी करावा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालणे वाढविण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावे. चालल्याने साखर उतरते, तेच तर हवे असते. पण औषध तेवढेच ठेवून पावले दुप्पट केली तर ती नको तितकी उतरू शकते. उपाशीपोटी लांब फिरायला जाऊ नये आणि खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी असावी. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताच रक्तदाब खाली येतो. त्यांनी पलंगावरून उठल्यावर मिनिटभर कडेला बसून मगच पाऊल टाकावे. थंडीचे म्हणाल तर, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की आमच्याकडे पहाटे पाचला फिरणाऱ्यांनी ऊन येईपर्यंत थांबावे. गार हवेत रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्तदाब चढतो. अ‍ॅपला उन्हात टाकलेले पाऊलही चालते.

चालताना छातीत दाबल्यासारखे होणे, ती कळ जबड्याकडे किंवा हाताकडे जाणे, एकाएकी दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर तेथेच बसावे. थांबूनही त्रास ओसरला नाही तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. "लक्ष्याला दोनशेच उरली होती" म्हणून तशीच फेरी पूर्ण करणारे महाभाग मी पाहिले आहेत. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबताच तो जात असेल तर तेही दाखवून घ्यावे. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते.

जे पावलांत मोजले जात नाही

पावलांच्या अ‍ॅपचा एक मोठा दोष असा की जे त्यात मोजले जात नाही ते करायचे राहून जाते. उतारवयात माणूस परावलंबी होतो तो बहुधा लांब चालता येत नाही म्हणून नव्हे. कमोडवरून उठता येत नाही, बसची पायरी चढता येत नाही, न्हाणीघरात तोल सावरता येत नाही, म्हणून होतो. त्यासाठी मांड्यांचे बळ आणि तोल हवा, आणि सपाट रस्त्यावरच्या चालण्याने ती दोन्ही पुरेशी राहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम सांगितला आहेच. शिवाय आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम स्वतंत्रपणे सांगितले आहेत. कोणाचेही अ‍ॅप उघडून पाहा, पहिला भाग ठळक अक्षरांत दिसेल, दुसरा शोधावा लागेल.

त्यासाठी घरी करता येण्याजोगी एक चाचणी सांगतो. हात नसलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यावर बसून दोन्ही हात छातीवर घडी घालावेत आणि मोबाईलमध्ये तीस सेकंदांचा गजर लावावा. तेवढ्या वेळात पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा जमते ते मोजावे. पहिल्या खेपेस जवळ कोणीतरी उभे असावे. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने दिलेल्या कोष्टकानुसार ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक समजतात; ७५ ते ७९ या वयात हे आकडे ११ आणि १० असे आहेत. हाताचा आधार घेतल्याविना एकदाही उठता आले नाही तर गुण शून्य. हे कोष्टक तिकडच्या लोकांचे आहे, तेव्हा एखाद-दुसऱ्याने कमी पडलात म्हणून घाबरू नये. परंतु पाच-सहावर गाडी अडली तर डॉक्टरांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलावे. नऊ हजार पावले चालणाऱ्या एका गृहस्थांना या चाचणीत सहा जमले, तेव्हा ते माझ्याकडे अविश्वासाने पाहत राहिले.

उपाय तोच, जो चाचणीत केला. खुर्चीतून आठ-दहा वेळा उठबस, दिवसातून दोनदा. मालिकांमधील जाहिरातींच्या वेळा त्यासाठी अगदी सोयीच्या आहेत. स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा उचलणे, दूध तापेपर्यंत एका पायावर उभे राहणे (हात ओट्याला टेकलेला असावा), फरशीच्या रेषेवरून टाचेपुढे चवडा ठेवीत भिंतीलगत चालणे. एवढ्याने पुष्कळ काम होते. केंद्र सरकारचे फिट इंडिया हे अ‍ॅप २९ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. त्यात ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी वेगळ्या चाचण्या दिल्या आहेत. ज्यांना हौस आहे त्यांनी पाहाव्यात. नाहीतर फोनमधील रोजच्या गजराला 'खुर्ची' असे नाव देऊन ठेवले तरी तेही एक अ‍ॅपच झाले.

घरातल्यांनी काय करावे?

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावाचे नाव हृदयविकाराच्या अभ्यासामुळे वैद्यकात सर्वांना परिचित आहे. तेथील अभ्यासात पिढ्यान्‌पिढ्या भाग घेतलेल्या ९४ कुटुंबांतील २०० प्रौढांना घेऊन २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सर्वांनी आधी आपला मूळ आकडा शोधला, मग स्वतःचे लक्ष्य ठरविले. अर्ध्या कुटुंबांना एक खेळ दिला. आठवड्याच्या आरंभी कुटुंबाच्या खात्यात ७० गुण जमा. रोज घरातील एका सदस्याचे नाव चिठ्ठी काढल्याप्रमाणे निघे; त्याने आदल्या दिवशीचे लक्ष्य गाठले असेल तर गुण शाबूत, नसेल तर साऱ्या कुटुंबाचे दहा गुण वजा. पैशांचे बक्षीस नाही. बारा आठवड्यांत या कुटुंबांतील लोक इतरांपेक्षा रोज सरासरी ९५३ पावले जास्त चालू लागले, आणि खेळ थांबल्यावर फरक कमी झाला तरी पुसला गेला नाही. ही माणसे सरासरीने पंचावन्नची होती, तेव्हा ऐंशीच्या आजोबांना तो आकडा जसाच्या तसा लागू करू नये. त्यातील जी गोष्ट मला मोलाची वाटते ती अशी की तेथे घरातील प्रत्येकजण चालत होता. म्हातारी माणसे चालताहेत आणि तरुण मंडळी सोफ्यावरून तपासणी करताहेत, असा तो देखावा नव्हता.

आपल्याकडे नेमका तोच देखावा दिसतो. परदेशी असलेल्या मुलाने वडिलांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिले, आकडे आपल्याकडे येतील अशी व्यवस्था केली आणि रोज रात्री फोन करून विचारू लागला, "बाबा, आज कमी का?" हे बाबा माझे रुग्ण, मधुमेही. त्यांचे आकडे दोन महिने इतके उत्तम येत होते की मुलगा तिकडे मित्रांना सांगत होता. इकडे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी मात्र वरच चालली होती. मी औषध वाढवायच्या विचारात असताना सोबत आलेला मुलीचा मुलगा सहज बोलून गेला, "आजोबांचा फोन संध्याकाळी माझ्याच खिशात असतो ना, क्रिकेट खेळताना." आजोबांनी खाली मान घातली. त्या वेळी औषधाची मात्रा वाढविली असती आणि पुढे ते खरोखरच चालू लागले असते, तर साखर धोकादायक उतरण्याची भीती होती.

त्यांना रागे भरण्यात अर्थ नव्हता. आयुष्यभर कचेरीत हाताखालच्या माणसांकडून हजेरी घेतलेल्या माणसाला उतारवयात मुलाकडे हजेरी द्यावी लागत होती. मुलाशी बोलून आकडे पाठविण्याची ती व्यवस्था बंद करविली. वडिलांचा खरा मूळ आकडा निघाला एकोणीसशे. लक्ष्य ठेवले चोवीसशे. आता मुलगा रात्री फोनवर आधी स्वतःची पावले सांगतो. वडिलांची कधी सांगितली जातात, कधी नाही.

दुसरे उदाहरण एका काकूंचे. यजमान गेल्यावर त्यांनी बाहेर पडणेच सोडले होते. कोणासाठी जायचे, असे त्या विचारीत. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातीने अ‍ॅपविषयी एक अक्षरही न काढता रोज सायंकाळी साडेसहाला फोन करायला सुरुवात केली. ती तिकडे कचेरीतून घरी चालत येते, आजी इकडे सोसायटीच्या आवारात चालते. कानात इअरफोन असतो; आवाराबाहेरच्या रस्त्यावर जायचे नाही, ही एकच अट. बोलणे भाजीचे, शेजारणींचे, नातीच्या कचेरीचे. पावलांचा विषय शेवटी निघतो, तोही "आजी, तुझी किती, माझी किती" इतकाच. तीन महिन्यांत काकू घरातल्या घरात सातशेवरून अडीच हजारांवर आल्या. त्यांची झोपेची गोळीही मी कमी करू शकलो.

ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा किंवा वारंवार पडणारा रुग्ण आहे, त्यांनी त्याच्यापुढे कोणतेही लक्ष्य ठेवू नये. सोबत हात धरून अंगणात चार फेऱ्या, बस्स. अंथरुणाला बराच काळ खिळलेल्यांसाठी पलंगापासून गॅलरीपर्यंतची बारा पावले हा पूर्ण व्यायाम असतो.

अ‍ॅप निवडताना 'चाला आणि पैसे मिळवा' अशा जाहिरातींना भुलू नये, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून कोणतेही अ‍ॅप उतरवून घेऊ नये. पावले मोजायला संपर्कयादी, संदेश किंवा बँकेचा तपशील यांची मुळीच गरज नसते. तशी परवानगी मागणारे अ‍ॅप काढून टाकावे. अक्षरे मोठी करावीत आणि दर तासाला वाजणाऱ्या सूचना बंद कराव्यात. बॅटरी वाचविण्याची सोय चालू असेल तर काही फोन मोजणेच थांबवितात, तेही पाहून घ्यावे.

डॉक्टरांना काय दाखवावे

मला आजचा आकडा पाहून फारसे काही कळत नाही. महिन्यांचा आलेख पाहून पुष्कळ कळते. अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक रोज पाच हजारांच्या आसपास चालत. दोन महिन्यांत त्यांचा आलेख उतरणीला लागून अडीच हजारांवर आला. तक्रार काहीच नव्हती. "वय झालं डॉक्टर, आता पाय उचलत नाहीत," एवढेच ते म्हणाले. वय दोन महिन्यांत एवढे वाढत नसते. डोळ्यांच्या पापण्या पाहिल्या, फिकट होत्या. हिमोग्लोबिन निघाले साडेसात. खोदून विचारल्यावर कळले की गुडघेदुखीसाठी ते औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून घेत होते, आणि शौचास काळे होत असल्याचे त्यांनी घरी कोणालाही सांगितले नव्हते. दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा जठरात व्रण सापडला.

म्हणून तीन-चार आठवडे सतत उतरणारा आकडा दिसला तर त्याला आळस समजू नये. रक्ताक्षय, हृदयाची शक्ती कमी होणे, थायरॉइडचे विकार, औषधांचे दुष्परिणाम, नैराश्य, डोळ्यांत वाढलेला मोतीबिंदू, इतकेच काय, चावणारी नवी चप्पल, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. तपासणीला येताना महिन्याचा आलेख उघडून आणावा, सोबत चालू असलेली सर्व औषधे आणावीत, दुकानातून स्वतःहून आणलेलीसुद्धा.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा जे तो हाताळू इच्छित नाहीत, त्यांचे यावाचून काही अडत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचा खाडा मांडतो तसे रोजच्या चौकोनात किती मिनिटे चाललो तेवढे पेन्सिलीने लिहावे, आणि खुर्चीतून उठबस केली असेल त्या दिवशी शेजारी एक टिंब द्यावे. महिना संपला की ते पान फाडून आणावे. मला तेही वाचता येते.